झाडे : निरंक

गट नंबर एकशे सत्तेचाळीस, ई-क्लास,
पूर्णेपासून अडीच कोस, खारपाणपट्टा.
इथल्या विहिरीचं पाणी बकऱ्या हुंगतात आणि सोडून देतात.
मे महिना. भेगा एवढ्या
की मोजणीच्या साखळीची खुंटी आत गेली
आणि देवमन कोतवाल पालथा पडून
खांद्यापर्यंत हात घालून
तिला शोधत राहिला.

सौरपट्ट्यांसाठी जागा द्यायची होती.
पंचनाम्याचा नमुना छापील.
विहिरी : निरंक.
घरे : निरंक.
झाडे
आणि मी मान वर केली.
उन्हात एक हिरवी गुंतवळ उभी होती,
कंगव्यातून काढून कुणी फेकावी तशी.
नुसत्या काड्या. पान म्हणून एक नाही.
मी लिहिलं : निरंक.

"काय लिवलं?" गुंफाबाईनं विचारलं.
पंच म्हणून तिचा अंगठा लागणार होता.
"झाडं नाहीत, असं."
"अन् हे नेपती?"
"पानं कुठं आहेत तिला?"
ती हसली नाही. रागावलीही नाही.
"या उन्हात पानं ठेवाले
ते येडी हाय का?"

मग तिनं मला ओढतच नेलं बुडाशी.
"माह्या बकऱ्यायनं जिथं तोडलं, तिथं फुटते पाय."
कोवळं लाल टोक. त्यावर दोन पानं,
बाभळीच्या काट्याएवढी.
एकावर पिवळी अंडी, उभी, खेटून,
कुणी नख लावून मांडल्यासारखी.
मी काड्या मोजू लागलो, कशासाठी कोण जाणे,
तर सातवी काडी
सरकली.

तेवढ्यात ते आलं.
चिठोरं म्हणावं तर वारा नव्हता.
पांढरं, त्यावर काळ्या शिरा
बोरूनं ओढलेल्या,
काठाशी शाई जरा जास्त सांडलेली.
वेड्या बाभळीवर टेकलं, नाही.
रुईवर, नाही.
माझ्या पंचनाम्यावर बसून
पायांनी दोनदा थापटलं त्यानं,
त्या तीन निरंकांच्या अगदी शेजारी,
आणि उठून गेलं.

"पायानं चव घेते ते," गुंफाबाई म्हणाली,
"माही सासू सांगे. त्याच्या पोरायले हेच झाड लागते.
दुसरं देलं तं उपाशी मरतीन,
पन तोंड नाई लावनार."
ते नेपतीवर उतरलं होतं.
पोट वाकवलेलं. आम्ही दोघं गप्प.
देवमनला खुंटी सापडली होती,
तोही हाताची माती न झटकता उभा.

मी निरंक खोडलं.
खाडाखोडीवर सही लागते, ती केली.
नेपती : एक.

तहसिलात संगणकावर झाडांची यादी आहे.
आंबा, चिंच, मोह, कडुनिंब,
साग तर घेराप्रमाणे चार तऱ्हांचा.
नेपती नाही.
'इतर'वर टिचकी मारली तर त्यानं मूल्य विचारलं,
रुपयांत. कोरं ठेवलं तर पुढं जाऊ देईना.
कूलरमधलं गवत वाळलेलं, त्याची गरम हवा मानेवर.
कागदावर गुंफाबाईचा जांभळा अंगठा,
रेषा रेषा, आणि मधून आडवी गेलेली
जुन्या काट्याची चीर.
मी एक रुपया टाकला.
यंत्रानं हिरवी खूण दिली.

शेऱ्याचा रकाना छोटा आहे.
त्यात एवढंच मावलं :
पानं असताना पुन्हा पाहणी करावी.

पानं कधी असतात, हे मी निघताना तिला विचारलं होतं.
"मले काय ठावं,"
बकऱ्यांकडे वळत ती म्हणाली,
"त्याले इचारा."